रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञाकडे केव्हा पाठवावा?

कटिशूल, जानुशूल, मान आखडणे, खांदा न उचलणे या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण ज्याच्या नोंदवहीत नाहीत असा वैद्य आमच्या पाहण्यात नाही. किंबहुना आपल्या व्यवसायाचा मोठा भाग याच रुग्णांवर उभा आहे. औषधी दुकानांतही तैले आणि गुग्गुळकल्प यांचीच विक्री सर्वाधिक होते. आपल्या चिकित्सेने यांपैकी बहुसंख्य रुग्णांना उपशय मिळतो, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु याच गर्दीत काही रुग्ण असे असतात की ज्यांना तैल, बस्ती वा अग्निकर्म यांच्या आधी दुसऱ्या चिकित्सकाची गरज असते. ते ओळखावेत कसे, हा या लेखाचा विषय आहे. आरंभ आम्ही स्वतःच्या चुकीपासून करणार आहोत.

२०२२ च्या प्रारंभी मालवाहू रिक्षा चालविणारा एक अडतीस वर्षांचा रुग्ण आमच्याकडे आला. उजव्या जांघेत वेदना, ती मांडीच्या पुढील भागातून गुडघ्यापर्यंत उतरते, रिक्षातून उतरताना पाय टेकवत नाही, अशी तक्रार होती. सोबत कमरेच्या मणक्यांचे क्ष-किरण चित्र होते आणि ‘नस दबली आहे’ असे कोणीतरी त्यास सांगितलेले होते. आम्ही गृध्रसी गृहीत धरून चिकित्सा चालू केली. योगराज गुग्गुळ, सहचरादि तैल, बस्ती, दोन वेळा अग्निकर्म. वेदना कमी झाली, पुन्हा वाढली, पुन्हा कमी झाली. असे पाच महिने गेले. या काळात आम्ही त्याचा पाय सरळ उचलून अनेकदा पाहिला. मात्र त्यास उताणे निजवून, गुडघा दुमडून खुबा आतल्या बाजूस फिरवून एकदाही पाहिला नाही. २०२१ च्या दुसऱ्या कोविड लाटेत तो रुग्णालयात होता व तेथे त्यास अनेक दिवस स्टिरॉइड द्यावे लागले होते, हेही आम्ही विचारले नाही.

अखेर तो लंगडू लागला तेव्हा आम्ही त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. अस्थिरोगतज्ज्ञांनी खुबा फिरवून पाहण्यास अर्धे मिनिट घेतले. एम.आर.आय. चित्रात दोन्ही ऊर्वस्थींच्या शीर्षांचा रक्तपुरवठा तुटल्याचे दिसले. उजवे शीर्ष खचलेले होते, डावे अद्याप गोल होते. त्यांनी दूरध्वनीवरून आम्हांस एवढेच म्हटले, “वैद्यराज, हा चार-पाच महिने आधी आला असता तर उजव्याचेही काही करता आले असते.” डाव्या बाजूस हाडात छिद्र पाडून दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया झाली, उजवा खुबा बदलावा लागला. गृध्रसीची वेदना नितंबापासून मांडीच्या मागील भागाने पोटरी-पावलाकडे जाते. जांघेतून मांडीच्या पुढील बाजूने गुडघ्याकडे जाणारी वेदना ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत खुब्याची समजावी. हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत होतो. स्वतःच्या चिकित्सालयात विसरलो.

शास्त्र आणि इतिहास

अस्थिशल्याचे कार्य आपल्या शास्त्रास परके नाही. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात भग्नाचे संधिमुक्त व कांडभग्न असे दोन वर्ग केले, पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा प्रकार वर्णिले आणि कोणते कष्टसाध्य वा असाध्य तेही सांगितले. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आंछन, पीडन, संक्षेप आणि बंधन हा क्रम येतो. आजचा शल्यविशारद सरकलेले हाड ओढून, दाबून, जागी बसवून प्लास्टर घालतो तेव्हा क्रम तोच असतो. उदुंबर, अश्वत्थ, पळस, अर्जुन आदी वृक्षांच्या साली व वेळूच्या कांबी ‘कुशा’ म्हणून सांगितल्या आहेत. जंघा व ऊरूच्या भग्नात पाच खुंट्यांचे कपाटशयन सांगितले आहे. बंध शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी सोडावा. तो सैल असेल तर संधी स्थिर होत नाही आणि फार घट्ट असेल तर शोथ, वेदना व पाक होतो, असा इशाराही तेथे आहे. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून नीट बसवावे हा विचार तेथे आहे, आणि तळहाताच्या भग्नानंतर प्रथम मातीचा गोळा, मग मीठ व बळ आल्यावर दगड धरावयास लावावा असा व्यायामक्रमही आहे. आजची फिजिओथेरपी याहून वेगळे काय सांगते?

युरोपात ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द फ्रेंच वैद्य निकोलस आंद्री यांनी १७४१ साली रूढ केला. ग्रीक भाषेत ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पेडियन’ म्हणजे बालक. वाकड्या रोपास खुंटीशी बांधून सरळ करतात ते त्यांच्या ग्रंथातील चित्र आजही या शाखेचे बोधचिन्ह आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी डच लष्करी शल्यविशारद माथायसेन यांनी १८५० च्या दशकात प्रचारात आणली. रॉन्टगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि हाताच्या स्पर्शावर चालणारे हे शास्त्र डोळ्यांनी पाहता येऊ लागले. आमच्या वाचकांना विशेष रुचेल अशी गोष्ट ही की, ज्यांच्या नावाची थॉमस स्प्लिंट जगभर वापरली जाते ते लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे हाडवैद्यांच्या घराण्यातील होते. पिढीजात कौशल्याला त्यांनी वैद्यकीय शिक्षणाची जोड दिली. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांच्या प्रयत्नांतून ही स्प्लिंट पहिल्या महायुद्धात रणभूमीवर पोहोचली आणि मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांचे मृत्युप्रमाण बरेच उतरले. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी आधुनिक खुबाबदल यशस्वी केला. आपल्याकडे १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडविला. त्या पायाने मांडी घालून बसता येते, अनवाणी शेतात चालता येते.

अस्थिरोगतज्ज्ञ करतो काय?

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणजे शस्त्रक्रिया, अशी समजूत रुग्णांत आहे आणि खरे सांगावयाचे तर आपल्यातही आहे. त्यामुळे रुग्ण ‘तिकडे गेलो तर कापतील’ म्हणून आपल्याकडे येतो आणि आपणही त्या भीतीस नकळत खतपाणी घालतो. प्रत्यक्षात त्यांच्या बाह्यरुग्ण विभागातील बहुतेक रुग्ण विना शस्त्रक्रिया परत जातात. तपासणी, क्ष-किरण, गरज असेल तर पुढील चाचण्या, प्लास्टर अथवा पट्टा, व्यायाम, काही वेळा सांध्यात इंजेक्शन आणि पुढील भेटीची तारीख, असा त्यांचा दिवस असतो. हाडे, सांधे, स्नायू, स्नायुबंध, कंडरा, मणके यांचे आघात, जन्मजात व्यंगे, संसर्ग, अर्बुदे आणि झीज हे त्यांचे क्षेत्र. एम.बी.बी.एस.नंतर एम.एस. किंवा डी.एन.बी. ही पदव्युत्तर पदवी आणि त्यापुढे अनेकांचे गुडघा-खुबा, मणका, हात, खांदा, बालअस्थिरोग अशा एकेका विषयातील अधिक प्रशिक्षण असते. मोठ्या शहरात रुग्ण पाठविताना हा भेद ध्यानी ठेवावा. तालुक्याच्या ठिकाणी एकच तज्ज्ञ सारे पाहतो आणि ते पुरेसेही असते.

एक गल्लत मात्र टाळावी. सकाळी उठल्यावर तासाहून अधिक काळ बोटे आखडलेली, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले, अशा आमवातसदृश रुग्णास अस्थिरोगतज्ज्ञापेक्षा संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, अधिक उपयोगी पडतो. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले नाही तर सांधे कायमचे वाकतात.

विलंब न लावता पाठवावयाचे रुग्ण

हाड त्वचेबाहेर आले आहे वा जखमेच्या तळाशी हाड मोडले आहे अशा रुग्णास ‘पाठवावे का’ हा प्रश्नच नसतो. हाड आत ढकलू नये, जखम स्वच्छ ओल्या कापडाने झाकावी, अवयव फळीस बांधावा, जखमेवर हळद, भस्म वा लेप घालू नये आणि गाडीत बसवावे. अडचण होते ती दिसावयास साध्या असणाऱ्या रुग्णांत.

पहिला रुग्ण म्हणजे कोपरावर पडलेले लहान मूल. पाच ते दहा वर्षांची मुले झाडावरून, ओट्यावरून, सायकलवरून हात टेकून पडतात आणि दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. या ठिकाणी मुख्य धमनी व नाड्या हाडाला लागून जातात. बोटे गार पडणे, फिकट होणे, नाडी न लागणे, बोटे हलविता न येणे ही चिन्हे ठाऊक असतात. पण सर्वांत आधी येणारे चिन्ह म्हणजे प्रमाणाबाहेर वेदना आणि दुसऱ्याने मुलाची बोटे सरळ केली असता पुढच्या हातात उसळणारी कळ. स्नायूंचा रक्तपुरवठा सुमारे सहा तास तुटला तर तो स्नायू परत येत नाही, हात पंज्यासारखा आखडून राहतो. घट्ट बांबूपट्टी वा घट्ट प्लास्टर यांनीही हेच घडते. सुश्रुतांचा गाढबंधाविषयीचा इशारा येथे शब्दशः लागू पडतो. प्लास्टर घातलेले मूल रात्रभर रडत असेल तर पालकांना सकाळची वाट पाहावयास सांगू नये. प्लास्टर त्याच वेळी मोकळे करून घेतले पाहिजे.

याच कोपराची दुसरी गोष्ट चोळण्याची. आमच्या भागात कोपर सुजले की मुलास प्रथम चोळणाऱ्याकडे नेतात आणि तेथून हात वाकत नाही म्हणून दोन महिन्यांनी आपल्याकडे आणतात. ताज्या आघातानंतर कोपर चोळल्याने व जबरदस्तीने वाकविल्याने सभोवतीच्या स्नायूंत हाडासारखा पदार्थ साठतो आणि सांधा अडतो. ज्या कोपराला पूर्ण विश्रांती मिळाली ते कोपर बहुधा आपोआप सुटते. म्हणून आघातानंतर क्ष-किरण झाल्याविना, आणि झाल्यावरही तज्ज्ञाने सांगितल्याविना, कोणत्याही कोपरास अभ्यंग करू नये. हे आम्ही तैलाच्या बाटलीवर छापावे इतके महत्त्वाचे मानतो.

दुसरा रुग्ण म्हणजे तापाने फणफणलेले आणि एक पाय न टेकणारे मूल. ‘काल पडला होता’ असे पालक सांगतात. मुले रोजच पडत असतात. ताप, एका सांध्याचा शोथ वा नुसती हालचाल करू न देणे, ही त्रयी दिसली तर सांध्यात पू असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी पाठवावे. लहान बाळात ताप नसेलही. दुपटे बदलताना एक पाय हलवत नाही व रडते एवढेच चिन्ह असते. पू सांध्यातील कास्थी काही दिवसांतच नष्ट करतो. अशा मुलास स्वेदन, लेप वा अभ्यंग देणे म्हणजे हातातील वेळ घालविणे होय.

तिसरा रुग्ण वृद्ध. मोरीत घसरून पडलेल्या आजींचा एक पाय आखूड आणि पाऊल बाहेर वळलेले दिसले तर खुब्याचे हाड मोडले हे घरच्यांनाही कळते. मात्र हाड एकमेकांत रुतून बसले असेल तर रुग्ण दोन-चार पावले चालतोही, आणि क्वचित पहिल्या क्ष-किरणातही भेग दिसत नाही. पडल्यानंतर जांघेत वेदना आणि पाय टेकविण्याची भीती असेल तर चित्र ‘नॉर्मल’ असूनही तज्ज्ञास दाखवावे. ‘या वयात शस्त्रक्रिया नको, घरीच झोपवून ठेवू’ हा सल्ला नातेवाईक आपल्याकडून ऐकू इच्छितात. तो देऊ नये. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास शय्याव्रण, न्यूमोनिया आणि शिरांत रक्ताच्या गाठी होतात. शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून रुग्णास लवकर बसते-उभे करावे, हा आज सर्वत्र मान्य झालेला दंडक आहे.

चौथा, कंबरदुखीचा रुग्ण. त्यास दोन प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत. लघवीची जाणीव व धार पूर्वीसारखी आहे काय? बसण्याच्या जागेची, गुदाभोवतीची त्वचा बधिर झाली आहे काय? दोहोंपैकी एकाचे उत्तर जरी संशयास्पद असले, किंवा दोन्ही पायांचे बळ एकाएकी कमी झाले असेल, तर मज्जारज्जूच्या शेवटच्या नाड्या दबत आहेत असे समजून रात्र असली तरी पाठवावे. येथे एक-दोन दिवसांचा उशीर रुग्णास जन्मभर मूत्रनलिकेवर ठेवू शकतो. बस्तीचा विचार अशा वेळी मनातही आणू नये.

शेवटी पोटरी. अस्थिभग्न, प्लास्टर वा दीर्घ प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून कडक व दुखरी झाली असेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अभ्यंग पूर्ण वर्ज्य.

आठवड्याभरात पाठवावयाचे रुग्ण

हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूस जी खोलगट जागा दिसते, तेथे दाबल्यास दुखत असेल तर पहिले क्ष-किरण चित्र निर्दोष असूनही १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढवून घ्यावे. तेथील होडीच्या आकाराच्या अस्थीस रक्त दूरच्या टोकाकडून मिळते. ती मोडली व स्थिर केली नाही तर जवळचा तुकडा मरतो. ‘मनगट मुरगळले’ म्हणून वर्षभर लेप लावणारे तरुण आम्ही पाहिले आहेत.

पाठदुखी सहा आठवड्यांहून अधिक, विश्रांतीनेही न थांबणारी, रात्री जागविणारी, सायंकाळी बारीक ताप, वजन घटलेले, मणक्यावर ठोकल्यास एकाच जागी वेदना, अशा रुग्णात आपल्या देशात मणक्याचा क्षय प्रथम आठवावा. निदान झाल्यास शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमातून औषधे विनामूल्य मिळतात. अस्थिक्षयाची चिकित्सा साधारण १२ महिने व काही वेळा त्याहून अधिक चालते आणि बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. पायांत बळ कमी झाल्यावर पाठविलेल्या रुग्णाचे चित्र मात्र वेगळे असते.

दहा ते वीस वयोगटातील मुलामुलींच्या गुडघ्याच्या वर वा खाली सतत व रात्री वाढणारी वेदना आणि कठीण वाढती सूज असेल तर ‘खेळताना लागले’ एवढ्यावर थांबू नये. हाडाचे घातक अर्बुद याच वयात, याच जागी अधिक आढळते. येथेही चोळू नये, आणि गाठीचा तुकडा काढण्याचे काम जो पुढील शस्त्रक्रिया करणार त्याच्याकडेच सोपवावे.

खेळाडूचा गुडघा वळताच ‘कट’ असा आवाज येऊन तासा-दोन तासांत तो भरून सुजला, अथवा गुडघा मध्येच अडकतो वा दगा देतो, तर आतील बंध किंवा कूर्चा फाटल्याची तपासणी व्हावी. पंधरवडा विश्रांतीने सूज उतरते आणि सारेच विसरतात. पुन्हा दगा बसला की उरलेली कूर्चाही जाते.

प्रसूतिचर्या करणाऱ्या वैद्यभगिनींसाठी दोन शब्द. बाळाचे पाऊल आत वळलेले असेल तर मालिशने वळेल म्हणून थांबू नये. स्पेनमध्ये जन्मून अमेरिकेत कार्य केलेल्या इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीने दर आठवड्याला बदलत जाणारी पाच-सहा प्लास्टरे, बहुधा टाचेच्या शिरेस लहानसा छेद आणि मग सुमारे चार वर्षांपर्यंत मुख्यत्वे रात्रीचे बूट, एवढ्याने पाऊल सरळ होते. आरंभ जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हावा. तसेच बाळाचे पाय सरळ जोडून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची पद्धत जन्मतः सैल असलेल्या खुब्यास घातक ठरते. कडेवर पाय फाकवून घेण्याची आपली जुनी रीत उलट हितकर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत ही दोन्ही व्यंगे समाविष्ट आहेत.

आपल्याकडेच राहावयाचे रुग्ण

एवढे वाचून प्रत्येक गुडघा जिल्ह्यास पाठवावयाचा की काय, असे कोणी विचारील. मुळीच नाही. पन्नाशीनंतरचा संधिगतवात, वरील एकही चिन्ह नसलेला कटिशूल, मानेचे आखडणे, टाचदुखी, मधुमेह्यांचा अवबाहुक हे आपले रुग्ण आहेत. अवबाहुक महिनोन्महिने चालतो व बहुधा सुटतो. तेथे स्नेहन-स्वेदन आणि नियमित हालचाल यांचे मोल मोठे आहे. रुग्ण ‘गुडघ्यात गॅप आला’, ‘ग्रीस संपले’ असे म्हणत चित्र घेऊन येतो. चित्रातील झीज व वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. चित्र उभे राहून काढलेले आहे की निजून, एवढे पाहावे. निजून काढलेल्या चित्रावरून अंतराचा अंदाज चुकतो.

गुडघाबदल केव्हा? आमचे मत असे की चित्रावरून कधीही ठरवू नये. वजन, व्यायाम व चिकित्सा नीट होऊनही वेदना झोप मोडते, घरातल्या घरात चालणे कठीण होते, पाय धनुष्याकृती वाकत चालला आहे, तेव्हा रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे आणि निर्णय त्या दोघांवर सोपवावा. ‘बदललेला गुडघा दहा वर्षांत जातो’ हे आपण ऐकतो व सांगतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सुमारे दहापैकी आठ पूर्ण गुडघाबदल पंचवीस वर्षे टिकतात. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे. खर्चाची अडचण असलेल्या कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी सांगावे. कोणत्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया तीत बसते याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करता येते.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

तैल मागावयास आलेला ग्राहक वैद्याकडे गेलेलाच नसतो. त्याची पहिली तपासणी तुमच्या गल्ल्यापाशी होते. कधी पडला, ताप आहे काय, पाय टेकतो काय, लहान मूल आहे काय, एवढे चार प्रश्न विचारावेत. ताजा आघात असेल तर तैल देऊ नये. दोनशे रुपयांची विक्री गेली तरी चालेल.

दुसरा विषय अधिक गंभीर आहे. ‘सांधेदुखीवर रामबाण’ अशा बिननावाच्या पुड्या व गोळ्या बाजारांत, प्रवासी विक्रेत्यांकडे आणि दुर्दैवाने काही दुकानांतही मिळतात. वर्षानुवर्षांची वेदना दोन दिवसांत नाहीशी झाली तर त्यात स्टिरॉइड वा वेदनाशामक मिसळले असल्याचा संशय घ्यावा. चेहरा गोल होणे, मानेमागे चरबी, पोटावर जांभळे वळ, त्वचा पातळ होऊन जरा लागताच काळेनिळे होणे, साखर व रक्तदाब वाढणे ही त्याची चिन्हे. अशाच सेवनाने हाडे पोकळ होतात आणि खुब्याचे शीर्षही मरते. ‘आयुर्वेदिक होते’ म्हणून रुग्ण सांगतो आणि अपकीर्ती आपल्या शास्त्राची होते. परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व निर्मात्याचे नाव नसलेले औषध औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार विकताच येत नाही; असा माल आढळल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. मात्र महिनोन्महिने पुडी खाल्लेल्या रुग्णास ती एकाएकी बंद करावयास सांगू नये. शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती थांबलेली असते. अचानक बंद केल्यास ग्लानी, वांत्या, रक्तदाब उतरणे असे प्राणघातक उपद्रव होऊ शकतात. त्यास फिजिशियनकडे पाठवून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

चिठ्ठी

रुग्ण पाठविताना ‘अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे’ एवढेच तोंडी सांगून भागत नाही. रुग्ण घरी जातो, शेजारी सल्ला देतात आणि आठवडा निघून जातो. आम्ही आता आपल्या मुद्रांकित कागदावर पाच-सात ओळी लिहितो: तक्रार कधीपासून, आघात कसा झाला, आम्हांस काय आढळले व कसली शंका आहे, मधुमेह-रक्तदाब आहे काय, आणि आम्ही दिलेली सर्व औषधे. शेवटच्या बाबीत आपण कमी पडतो. लसूणकल्प रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकतात, गुग्गुळ अन्य औषधांच्या पचनात ढवळाढवळ करू शकतो, आणि खुबा वा गुडघा बदलल्यावर रक्त पातळ ठेवणारी औषधे काही आठवडे चालतात. भूलतज्ज्ञास हे ठाऊक असावयास हवे. ‘काढे-गोळ्या चालू होत्या’ या रुग्णाच्या शब्दांवरून त्यास काहीही कळत नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या रिक्षाचालकाबरोबर अशी चिठ्ठी गेली नव्हती. तो आता पुन्हा रिक्षा चालवितो, मात्र पोती उचलण्यास माणूस ठेवावा लागला आहे. चिठ्ठी पाठवू लागल्यापासून तिकडूनही उत्तरे येऊ लागली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्ण परत येऊ लागले. भग्न जुळल्यानंतरचे बल्य-बृंहण, आहार, निद्रा व मलप्रवृत्ती यांची व्यवस्था, जवळचे सांधे मोकळे करणे हे काम आनंदाने आपल्याकडे सोपविणारे तज्ज्ञ आहेत. तेव्हा एक पथ्य पाळावे. शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरेपर्यंत तेथे तैल, लेप वा शेक देऊ नये. ती लाल झाली, गरम लागली, पाझरू लागली वा ताप आला तर त्याच दिवशी शल्यविशारदाकडे परत धाडावे, आणि आपण मधल्या मध्ये कोणतेही औषध सुरू करू नये.